शेवटच्या खोलीचा भोंगा

आमचं घर आतून लांबतं. बाहेरून ते होतं तेवढंच आहे. झारी घेऊन ओट्यापासून मागच्या विहिरीपर्यंत भिंतीकडेची अबोली शिंपत गेले तर झारीतलं निम्मं पाणीही संपत नाही. पण तेच अंतर आतून, माजघरातून आणि पुढे बोळातून जायचं म्हटलं, तर मी बरोबर पाण्याची बाटली घेते, फडक्यात दशम्या बांधते आणि मध्ये बाकावर बसून गुडघ्यांना तेल चोळते. बोळाच्या शेवटी आमच्या ह्यांची खोली आहे.

ह्यांनी पुढच्या खोलीत झोपायला यावं, असं सगळे सांगतात. आम्ही ते करून पाहिलं. हे ज्या खोलीत झोपतात ती खोली शेवटची होते. देवघरात निजले तेव्हा देवघर शेवटी गेलं, आणि माझी सकाळची पूजा दुपार कलल्यावर व्हायला लागली. मग मीच म्हटलं, तुम्ही आपले मागेच बरे.

त्यांच्या खोलीला खिडकी आहे, आणि ती बाहेरच्या भिंतीत असल्यामुळे जवळ आहे. मी विहिरीकडून वळसा घालून जाते आणि गजांतून चहा देते. हे बशीत ओततात, एक घोट घेतात आणि म्हणतात, "आज साखर वाटेत सांडली वाटतं." हयातभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे दुसऱ्याच्या कामातली खोट ह्यांना आधी दिसते. ते गज कापायचाही प्रयत्न झाला. बाहेरून गज करंगळीएवढा. पण करवत लावली की ती आत आत जात राहते आणि गज संपत नाही, कारण गज घराचा आहे.

एवढ्यावर आमचं सुखानं चाललं होतं. मग मुक्ता, आमची मुलगी, सुट्टीला आली आणि जाताना छताला धूर ओळखणाऱ्या पांढऱ्या तबकड्या बसवून गेली. एक स्वयंपाकघरात, एक देवघरात, एक बोळाच्या तोंडाशी. धूर लागला की त्या किंचाळतात, आणि एक किंचाळली की बाकीच्याही किंचाळतात. मुलीचा जीव, तिनं काळजीनं केलं. ह्यांनी स्वतःच्या खोलीत मात्र लावू दिली नाही. छताच्या बरोबर मध्यावर बसत नाही, म्हणाले.

पण आमच्या घरात आवाज चालत जातो. बाहेर तो कुठल्याही आवाजासारखा जातो, आत मात्र माणसाच्या चालीनं. दमतो, बाकावर टेकतो. शिमग्याच्या सुमारास माझं दूध करपलं आणि तबकड्या ओरडल्या. मी दूध उतरवलं, पातेलं घासलं, खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीतून ह्यांना जेवायला वाढत होते तेव्हा तो आवाज ह्यांच्या दारात पोचला. घसा बसला होता त्याचा. हे हातातला घास ताटात टाकून उठले.

"अहो, कालचं आहे ते," मी म्हटलं.

"काल काय जळलं?"

"दूध."

"मग आज भात का करपलाय?" असं म्हणून हे परत बसले.

हसलो आम्ही. पण ताट परत आणताना माझ्या मनात आलं. उद्या खरंच काही पेटलं तर ह्यांना कळेपर्यंत पुढे राख झालेली असेल. आणि कळून तरी काय, ह्यांना चालत बाहेर यायचं आहे, तेही दिवेलागणीच्या आत. दिवे लागले की घर सगळ्यात जास्त ताणतं. एकदा हे संध्याकाळचे पुढे यायला निघाले होते. मी इकडून बघत होते. चालत होते, पाय नीट उचलत होते, आणि लहान लहान होत चालले होते. सकाळी ते स्वतःच्या खोलीच्याही पलीकडे सापडले. पलीकडे काय होतं, हे ह्यांनी मला सांगितलेलं नाही. चित्र काढून दाखवा म्हटलं तर कागद कोराच ठेवला. पुन्हा तसं झालं तर सापडतील असा भरवसा मला नव्हता.

म्हणून मी तोडणकरला बोलावलं. देवळातल्या उत्सवात कीर्तनाचा माईक तोच लावतो. बुवांचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचतो तो त्याच्यामुळे, त्यामुळे माझी त्याच्यावर माया. त्यानं चप्पल ओट्याखाली काढली, बोळात डोकावून पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"मास्तरांच्या खोलीत आतून तार नेता येणार नाही, काकू," तो म्हणाला. "आज पुरेल, उद्या तुटेल. तुमचं घर काय ऐकायचं नाही."

"मग रे?"

"बाहेर भोंगा लावू. मास्तरांच्या खिडकीशेजारी. बाहेर तर घर सरळ आहे ना."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आधी खिरापत दिली. खिरापत संध्याकाळच्या कीर्तनाची होती. आंबर्डेकरबुवा दर चैत्रात आमच्या माजघरात कीर्तन करतात, आणि ते कीर्तन त्याच दिवशी होतं. कीर्तन म्हटलं की मला वर्षभराचं पुरतं. आधी नमन, मग निरूपण, मध्ये हार-बुक्का, मग आख्यान, शेवटी आरती आणि प्रसाद. त्या क्रमानं माणूस एकदा चालून आला की आतून धुतल्यासारखा होतो.

तोडणकरनं बोळाच्या तोंडाशी एक डबी बसवली. तिला रिले म्हणतात. तबकडी किंचाळली की डबीत टक् असं वाजतं आणि तिथून वीज भोंग्याकडे सुटते. भोंग्याला त्यानं स्वतःची बॅटरी दिली, म्हणजे घरातली वीज गेली तरी तो मुका होणार नाही. डबीपासून स्वयंपाकघराच्या पंख्याच्या भोकापर्यंत तारेच्या गुंडाळ्यामागून गुंडाळ्या संपल्या. भोकाबाहेर आल्यावर भोंग्यापर्यंत उरलेला तुकडा पुरला.

खिडकीत हे उभे होते.

"तोडणकर, डावीकडे कललाय तो."

"मास्तर, भोंगा आहे. वाजायला लावलाय, बघायला नाही."

"वाजेल तोही डावीकडे कलून."

मी गजांतून ह्यांचा हात धरला. "आता नीट ऐका. हा वाजला की काही विचारायचं नाही. चपला घालायच्या आणि निघायचं. वाजतोय तोवर थांबायचं नाही."

"आणि चाचणीचा असला तर?"

"तर मी आधी येऊन सांगेन."

"सांगशील," हे म्हणाले. मला ते आवडलं नाही.

आत आल्यावर तोडणकर म्हणाला, "बटण दाबून आवाज कळेल, पण मला धुराची खात्री करायचीय. थोडा धूर करा." देवघरातल्या तबकडीकडे त्यानं मान वर करून पाहिलं. तिच्यावर मी लोकरीचं टोपडं विणून घातलं होतं. "हिला थंडी वाजते काय, काकू?"

"आरतीच्या वेळी ओरडायची. देवासमोर बरं दिसत नाही."

त्यानं टोपडं काढलं, झटकलं आणि माझ्या हातात दिलं. मी ताट घेतलं, कापूर ठेवला आणि काडी ओढली. धूर करायचा तर घरात ओलं सरपण होतं, उदबत्ती होती, करपवायला दूध होतं. पण धूर म्हटल्यावर माझा हात कापराकडेच गेला. आणि पेटलेला कापूर हातात आला, समोर देव आला, की माझ्या तोंडून आरतीशिवाय दुसरं काही निघत नाही. मी ओवाळायला लागले. खिडकीशी जाऊन ह्यांना सांगायचं होतं ते त्या वेळी माझ्या मनातही नव्हतं.

तबकडी किंचाळली. बाकीच्या किंचाळल्या. डबीत टक् झालं, आणि बाहेर भोंगा असा वाजला की विहिरीवरचे कावळे उठले. तोडणकर हसला. मीही हसले. आमच्या घरातला आवाज पहिल्यांदाच वेळेवर पोचला होता.

मग मला आठवलं. मी ताट तसंच घेऊन वळसा घालून खिडकीकडे गेले. खिडकीत कोणी नव्हतं. कॉट नीट झटकलेली होती, दार उघडं होतं, कॉटखालच्या चपला नव्हत्या. उन्हं पोफळींच्या शेंड्यांवर गेली होती.

"मास्तर निघाले?" तोडणकर मागून आला. "मग कापूर विझवा, मी तार काढतो. बंद झाला की येतील परत."

"कापूर फुंकून विझवतात होय रे? आणि तार काढू नकोस. मध्येच थांबला तर हे तिथेच उभे राहतील, आणि तिथे दिवेलागण होईल."

त्यानं आभाळाकडे पाहिलं. मग माझ्या ताटाकडे. "म्हणजे धूर चालू ठेवायचा."

"धूर तर ठेवायचाच. शिवाय घरातल्या शेवटच्या माणसानं आरती घेतल्याशिवाय ताट निवू द्यायचं नाही, ही आमच्या सासूबाईंची रीत."

"आणि घरातला शेवटचा माणूस..."

"हो," मी म्हटलं.

माझ्या कमरेला कापराची डबी होती. मी आणखी वड्या टाकल्या आणि माजघरात बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. बोळ काळा होता आणि त्याला शेवट दिसत नव्हता.

भोंगा ऐकून माणसं यायला लागली. एरवी भोंगा ऐकला की माणसं पळतील, पण त्या दिवशी आमच्याकडे कीर्तन आहे हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं, यंदा बोलावणं जरा मोठ्यानं आहे. बायका केसात फुलं माळून आल्या, पुरुष उपरणी घेऊन आले. माजघर भरलं, उरलेले मागे विहिरीच्या अंगाला सतरंजी घालून बसले. पेटीवाल्यानं भाता दाबून भोंग्याचा सूर शोधला. "काळी दोन," तो म्हणाला आणि तंबोरा बाजूला ठेवून दिला, कारण आता त्याची गरज नव्हती.

आंबर्डेकरबुवा फेटा बांधत आले. माझ्या हातातलं ताट पाहून फेट्याचा शेवटचा पदर त्यांच्या बोटांत राहिला.

"वहिनी, आरती लावलीत?"

"लावली बुवा. चाचणी होती."

"देवापुढची आरती चाचणीची नसते." ते रागावले नव्हते. त्यांनी पदर खोचला. "आरती झाली म्हणजे कीर्तन संपलं."

"सुरू कुठे झालंय?"

"तेच म्हणतोय. आपण शेवटाला उभे आहोत. आता सुरुवातीकडे जायला हवं. प्रसाद कुठाय?"

"आधी प्रसाद?"

"उलट जायचं तर सगळंच उलट जायचं, वहिनी. मध्येच कुठून चढता येत नाही."

खिरापत वाटली. लोकांनी ती निमूट खाल्ली, हात पुसले आणि सरसावून बसले. बुवांनी चिपळ्या घेतल्या आणि आख्यानाचा शेवट धरला. आख्यान एका कोष्ट्याचं होतं. त्याच्या झोपडीला आग लागते आणि देव परटिणीच्या रूपात येऊन छपरावर ओलं धुणं पसरतो. बुवांनी आधी कोष्ट्याचे कोरडे झालेले डोळे गायले, मग त्यांतले अश्रू. मग परटीण गाठोडं घेऊन पाठमोरी मागे मागे येऊ लागली. धुणं छपरावरून उठून तिच्या हातात गेलं. देव आधीच येऊन उभा होता, आणि नंतर कोष्ट्यानं हाक मारली. मी इतकी कीर्तनं ऐकली, पण ती हाक इतकी निवांत कधी ऐकली नव्हती. ज्याचं होऊन गेलंय तो माणूस हाक मारत होता.

तेवढ्यात मला बोळातला बाक दिसला.

एरवी तो माजघरातून दिसत नाही. तिथे पोचेपर्यंत एक दशमी संपते. आता त्याचे पाय दिसत होते, त्यावर मी विसरलेली तेलाची बाटली दिसत होती. मी तोडणकरला कोपरानं ढोसलं. तो रिलेच्या डबीवर हात ठेवून उभा होता, तिला ताप आल्यासारखा.

"काकू," तो हळूच म्हणाला, "तार सैल पडायला लागलीय."

खरंच, भिंतीवरची तार झोळासारखी लोंबत होती. माजघरातली माणसं न हलता एकमेकांच्या जवळ आली होती. कुणाचा गुडघा कुणाच्या मांडीला लागत होता आणि सगळे थोडं थोडं सरकून घेत होते.

बाहेर मात्र सावल्या पडल्या. शेजारच्या कालिंदीवहिनी सवयीनं उठल्या आणि त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"दिवा नको," मी म्हटलं.

"अंधार होतोय गं."

"होऊ दे. दिवा लागला नाही तर दिवेलागण होत नाही."

कालिंदीवहिनींना ते पटलं आणि त्या बसल्या. तोडणकरनं मीटरपाशी जाऊन घराचा फ्यूजच काढून खिशात टाकला. भोंगा त्याच्या बॅटरीवर वाजत राहिला. आता उजेड म्हणून माझ्या हातातला कापूर तेवढा होता. मी बुवांकडे पाहिलं.

"आरतीची ज्योत दिव्यात मोजत नाहीत," बुवा गाता गाताच म्हणाले.

आग झोपडीच्या छपरावरून खाली उतरली, ठिणगी झाली आणि चुलीत परत गेली. कोष्टी मागावर बसला. त्याचं सूत जसंच्या तसं होतं. मग हार-बुक्का झाला. बुवांच्या गळ्यातला हार कालिंदीवहिनींनी काढून परडीत ठेवला, बुवांनी कपाळावरचा बुक्का पुसून वाटीत टाकला, आणि निरूपण शेवटाकडून सुरू झालं. बुवांनी आधी उत्तरं सांगितली. मग प्रश्न एकेक येऊन त्यांच्यासमोर बसायला लागले.

बोळात खोकला ऐकू आला. ह्यांचाच. चालत आलेला जुना खोकला नव्हता, आत्ताचा होता.

"अहो," मी म्हटलं. ओरडावं लागलं नाही.

"आलो," अंधारातून हे म्हणाले. "हे काय चाललंय? मी एक पाऊल टाकतोय आणि भिंत चार टाकतेय."

"तुम्ही चालत राहा."

"दुसरं काय करतोय?"

बाक माझ्या पायाला लागला. त्याच्यामागे हे होते. अंगात घरातला सदरा, हातात काठी, पायात चपला, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. माझ्या हातातलं ताट ह्यांनी खालून धरलं.

"काय काय जळलं?"

"काही नाही. चाचणी होती."

"सांगणार होतीस."

"आरती घ्या आधी," मी म्हटलं.

ह्यांनी काठी काखेत धरली, दोन्ही तळवे ज्योतीवर धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले. मग उरलेली ऊब त्यांनी माझ्या डोळ्यांना लावली. ह्यांनी असं कधी केलं नव्हतं. मागे कुणीतरी हुश्श केलं. बहुतेक तोडणकरनं.

"भोंगा कललेला आहे," हे म्हणाले. "वाटभर डावीकडून ऐकू येत होता."

कापूर आपला आपण संपला. धूर वर गेला, तबकडीखाली थोडा घुटमळला आणि विरला. डबीत टक् झालं. भोंगा थांबला.

बुवा थांबले नव्हते. निरूपणातले सगळे प्रश्न परत गेले होते आणि बुवा आता नमनात होते. त्यांनी शेवटच्या देवतेला नमन केलं, मग तिच्या आधीच्या, मग तिच्याही आधीच्या. प्रत्येक नमनाला एकेक भिंत जवळ येत होती. देवघराची भिंत आली, स्वयंपाकघराची आली, ह्यांच्या खोलीची आली आणि तिच्यातली खिडकी आमच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. कोणी घाबरलं नाही. माजघरात बसलेले लोक आमच्या एका बाजूला होते. विहिरीकडे सतरंजीवर बसलेले दुसऱ्या बाजूला. मध्ये घर म्हणून एक उंबरठा उरला होता, चौकट होती, आणि त्यात आम्ही दोघं होतो.

बुवांनी पहिलं अक्षर परत घेतलं आणि ओठ मिटले. चिपळ्या हातात तशाच, वाजायच्या आधीच्या.

ह्यांनी एका बाजूला पाहिलं. मग दुसऱ्या.

"आता बाहेर कुठल्या बाजूला?"

मीही पाहिलं. दोन्हीकडे आपलीच माणसं होती, हात जोडलेली, आणि दोन्हीकडच्या पहिल्या रांगेतली माणसं गुडघे आवळून आमच्यासाठी जागा करत होती. ह्यांनी माझं कोपर घट्ट धरलं आणि एक पाय उचलला.